वाट नसलेले शिखर

मळलेली वाट ही मोठी सोय असते. आधी गेलेल्या शेकडो माणसांनी घेतलेले निर्णय ती मुकाट्याने मागून येणाऱ्याच्या पायाखाली ठेवते. सह्याद्रीत वाट चुकली, तरी एखादा गुराखी भेटतो किंवा खाली वाडीतला दिवा दिसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १,७३० मीटर उंचीच्या क्वीन माउंटनकडे निघालेल्याला मात्र यातले काहीच लाभत नाही. थोड्याच अंतरावर वाट संपते आणि पुढे प्रत्येक पावलाचा निर्णय ज्याचा त्याला घ्यावा लागतो.

समोर गोट्यांच्या राशी उभ्या असतात. हा ग्रॅनाइट कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भात थिजला. त्याला चिरा पडल्या, त्यांत झिरपलेल्या पाण्याने ठोकळ्यांचे कोपरे झिजवले. पुढे वरची माती वाहून गेली आणि घराएवढे गोल गोटे एकावर एक रचल्यासारखे उघडे पडले. आज जिथे पाण्याचा थेंब मिळत नाही, तिथला प्रत्येक दगड पाण्यानेच घडवलेला आहे.

चार मित्र पहाटे तिकडे निघाले आहेत, असे समजावे. पहिला संयम मातीपाशी लागतो. तिच्यावरचा काळपट, खरबरीत थर सजीव असतो. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी तो विणलेला असतो आणि वाळूला धरून ठेवतो. त्यावर उमटलेले पाऊल भरून यायला कित्येक दशके लागू शकतात. म्हणून जाणते लोक कोरड्या ओढ्याच्या वाळूतून किंवा उघड्या कातळावरून जातात, मग फेरा पडला तरी चालेल. चोला नावाच्या निवडुंगासाठी पिशवीत कंगवा ठेवतात. काट्यांचा गोळा पायाला चिकटला, तर हाताने काढू गेल्यास तो हातालाच बिलगतो.

दुसरी गोष्ट मागे वळून पाहण्याची. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा शिखराकडे एकत्र येतात, त्यामुळे चुकणे अवघड. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात आणि एका चुकीच्या सोंडेने माणूस भलत्याच दरीत उतरतो. म्हणून चढतानाच थांबून, परतताना हा कातळ कसा दिसेल, हे डोळ्यांत साठवावे लागते. जिथून उतरता येणार नाही तिथे चढू नये, हा नियमही त्यातूनच येतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट पाण्याची. इथे दिवसाला माणशी किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडे अधिक पाणी सोबत असावे, असे उद्यानाचे सांगणे आहे. श्रमाच्या चालीला त्याच्या दुप्पट. पण पाणी मोजणे सोपे, माणूस ओळखणे कठीण. शिखर शंभरेक मीटर वर दिसू लागते, तेव्हा सकाळपासून बोलणारा मित्र गप्प झालेला असतो. विचारले, तर ‘मी ठीक आहे’ असेच उत्तर येते. आपल्यामुळे तिघांचा दिवस वाया जाऊ नये, ही त्याची भावना निर्मळ असते. पण वाळवंटात हीच भावना जिवावर बेतू शकते. मोबाइलचा संपर्क नाही, सावली नाही, आणि उष्णतेने थकलेल्या माणसाला स्वतःच्या थकव्याचा नेमका अंदाज येत नाही.

म्हणून अनुभवी सोबती विचारत बसत नाहीत, बाटल्या बाहेर काढायला सांगतात. निम्मे पाणी संपले असेल, तर परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. निर्णय आधीच झालेला असल्यामुळे कोणाला दोष द्यावा लागत नाही आणि कोणाला ओशाळावे लागत नाही. त्या मित्राची बाटली रिकामी निघते. उरलेल्या तिघांच्या पाण्याचे चार वाटे होतात. थोडा वेळ एका कातळाच्या आडोशाला विसावून चौघे खाली वळतात. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची असते.

गाडीपाशी आल्यावर एक काम उरते. इंजिन सुरू करण्यापूर्वी चौघेही वाकून गाडीखाली पाहतात, कारण वाळवंटी कासव सावलीसाठी तिथे येऊन बसते. ते मूत्राशयात पाणी साठवून कोरडे महिने काढते. कोणी उचलले, तर भीतीने ते पाणी सोडून देते आणि पुढचा उन्हाळा त्याला भोवू शकतो. म्हणून त्याला हात लावायचा नाही. ते आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत थांबायचे.

त्या दिवशी शिखर गाठले गेले नाही. चौघे मात्र घरी पोचले, आणि पुन्हा बोलावले, तर सर्वांत आधी तयार होतो तो हाच मित्र. ज्यांच्यासमोर आपली रिकामी बाटली दाखवता येते, त्यांच्याच सोबतीने वाट नसलेल्या ठिकाणी जावे.