ऊंस आणि सत्तेचाळिसावें गुणसूत्र

बिद्रीच्या साखर कारखान्याकडे हंगामांत उंसाच्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हां त्या उंसाच्या पेशींत काय आहे हें क्वचितच कोणाच्या मनांत येतें. माता व पिता अपत्यास आपापलीं अर्धीं गुणसूत्रें देतात, असें आम्ही वर्गांत शिकवितों. ऊंस हा नियम नेहमीं जुमानीत नाहीं. कोइमतूर येथें बार्बर व वेंकटरामन यांनीं जाड, गोड उंसाचा कास नांवाच्या रानगवताशीं संकर केला. सन १९१८ मध्यें शेतकऱ्यांच्या हातीं आलेला ‘को २०५’ हा त्याचाच वंशज. त्यांत पित्यानें आपल्या ६४ पैकीं रीतीप्रमाणें ३२ गुणसूत्रें दिलीं. मातेनें मात्र ८० च्या ८० देऊन टाकलीं! आपल्या शिवारांतील ‘को ८६०३२’ हाही अशाच संकरित कुळांतला. गोडी उंसाची, काटकपणा रानाचा.

सृष्टीच्या अशा चुका शास्त्रास फार उपकारक ठरल्या आहेत. फळमाशींतील अशाच एका चुकीवरून ब्रिजेस यांनीं सन १९१६ मध्यें, आनुवंशिक गुण गुणसूत्रेंच वाहतात, हें सिद्ध केलें.

मनुष्यास मात्र असा फेरफार सहसा सोसत नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकीं सुमारें निम्म्यांच्या मुळाशीं गुणसूत्रांची अनियमितता असते. मनुष्याचीं गुणसूत्रें ४६, हें सन १९५६ मध्यें निश्चित झालें. आणि सन १९५९ मध्यें पॅरिस येथील गोतिए, लेज्यून प्रभृतींनीं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ असल्याचें प्रसिद्ध केलें. बीजपेशी घडतांना एकविसावी जोडी सुटी होत नाहीं, इतकेंच बहुधा घडलेलें असतें. मातेचें वय वाढतें तसा हा संभव वाढतो. पण तरुण मातेच्या पोटींही असें मूल येतें.

माझ्या ओळखीच्या एका घरीं असें मूल जन्मलें. ग्रहणांत सुनेनें विळी धरली, म्हणून हें झालें, असा निकाल घरांत लागला. कोणी पूर्वजन्मीचें पाप काढलें. शिकलेला एक आप्त ‘विकृति’ हा शब्द पुस्तकांतून घेऊन आला, आणि मला तोच अधिक लागला; कारण तो शब्द मींही फळ्यावर अनेकदां लिहिला होता.

आतां मी ‘अनियमितता’ असें लिहितों. शब्द लांब आहे, मुलें कुरकुरतात. तरी शिक्षकांनीं तोच वापरावा असें माझें मत आहे. उंसाच्या अनियमिततेस आपण सुधारित जात म्हणतों आणि बालकाच्या अनियमिततेस विकृति, हा न्याय कसला? अशा मुलास शब्दानें बरें वाटणार नाहीं हें मी जाणतों. त्याचें हृदय तपासून घ्यावें लागतें, बोलणें व चालणें धीरानें शिकवावें लागतें. रक्तांतील गुणसूत्रांची तपासणीही करून घ्यावी. थोड्या कुटुंबांत हा दोष पिढीजात असतो, आणि पुढील अपत्याविषयीं सल्ला त्यावरून मिळतो.

तें मूल आतां सात वर्षांचें आहे. शाळेची घंटा झाली कीं तें आईचा पदर ओढीत कुंपणापाशीं येतें. ग्रहणाची कथा आजी अद्यापि सांगते. सून मात्र ती ऐकावयास थांबत नाहीं.