विधवेचा कारभार

नवरा मेला की भाऊबंद विधवेपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. म्हणे, बाईमाणसाला कारभार काय कळतो! आम्ही शाळामास्तर त्यांस प्रभावतीगुप्तेची हकीकत सांगतो. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या आरंभी या विधवेने विदर्भात नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनाहून, मुलाच्या वतीने राज्य चालविले. कारभाराच्या 13व्या वर्षीही जमिनीचे दानपत्र तिच्याच नावाने निघाले. तो ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला. तांबे वितळविणे हाच ज्याचा धंदा, त्यानेही तिचे नाव भट्टीत घातले नाही. मग घरच्या विधवेचे नाव सातबारावरून पुसण्यास तुमचा हात कसा धजतो?