वंगण हवं, लाज नको

कासारवाडीच्या वस्त्यांमध्ये काम करताना बायका हळूच सांगतात, "ताई, संबंधाच्या वेळी आग होते." उपाय काय, तर खोबरेल तेल, नाहीतर मुकाट्यानं सोसणं. या कारखान्यांच्या पट्ट्यात यंत्राला वंगण लागतं हे पोराटोरांनाही ठाऊक. बाईचा कोरडेपणा मात्र तिचाच दोष ठरतो.

तो दोष नाही. बाळाला अंगावर पाजताना, पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणून कोरडं पडतं. औषधाच्या दुकानात यासाठी जेल मिळते. त्वचा नाजूक असेल तर पाण्यावर आधारित, बिनवासाची घ्यावी. गरम-थंड वाटायला लावणारी नको. ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल जास्त असलं तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि आग वाढते. अशा ग्लायकॉलचं प्रमाण ८.३ टक्क्यांच्या आत असावं आणि योनीसाठी पीएच ४.५च्या सुमारास, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली सांगितलं. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. निरोध वापरत असाल तर तेल, व्हॅसलीन नकोच, रबर फाटतं. खाज, दुर्गंधी, रक्त असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून कामजीवनावर मराठीत उघडपणे लिहिलं. मग दुकानदारासमोर आपण मान खाली का घालायची?

मात्र जेल म्हणजे बाईचा होकार नव्हे. तिचं मन नसताना नवऱ्यानं बाटली पुढे केली, तर ती जबरदस्तीच. मैत्रिणींनो, आपल्या सुखाची आणि नकाराची, दोन्हींची भाषा आपल्याला बोलता आली पाहिजे.