पट्टीच्या वरचा धूर

नायिका रुसली की नायक सिगारेट पेटवतो, बापाशी वाजले की पेटवतो, पावसात एकटा उभा राहिला की हमखास पेटवतो. त्या क्षणी पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची पट्टी उगवते. ती कोणी वाचत असेल, तर तो सोळा वर्षांचा मुलगा नव्हे. त्याची नजर नायकाच्या बोटांवर असते: ओंजळीत ज्योत कशी झाकली, मान किती कलली, धूर सोडताना डोळे किती मिटले. आधी आणि मध्यंतराला दाखवल्या जाणाऱ्या तंबाखूविरोधी जाहिरातींच्या वेळी तो पॉपकॉर्नच्या रांगेत असतो.

ही पट्टी म्हणजे तडजोडीचे अपत्य. पडद्यावरच्या धूम्रपानावर केंद्राने 2005 मध्ये सरसकट बंदी घातली. महेश भट्ट न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. बरेच घोळ होऊन 2012 पासून आजची पट्टी-जाहिरात पद्धत रुळली आणि 2023 मध्ये ती ओटीटीलाही लागू झाली. वूडी ॲलन यांनी तर या पट्टीपायी आपला ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात येऊच दिला नाही. बंदीच्या बाजूने आम्ही तेव्हाही नव्हतो. माणसे सिगारेट ओढतात; ती पडद्यावर ओढू नयेत हा हट्ट बालिश आहे. पण पट्टीने आपले कर्तव्य संपले असे सरकारने मानले, आणि पट्टी लावली की हवे ते करायला मोकळे, असे निर्मात्यांनी.

तरुण प्रेमकथांतली सिगारेट ही सवय म्हणून येत नाही, ती दागिना म्हणून येते. ही खोड जुनी आहे. 1978 च्या ‘ग्रीज’मधली सोज्वळ सँडी शेवटी काळ्या तंग कपड्यांत, ओठांत सिगारेट घेऊन अवतरते आणि नायक तिथेच विरघळतो. मुलगी ‘मोठी’ झाल्याची ती खूण! कर्करोगग्रस्त प्रेमिकांच्या ‘दिल बेचारा’त नायक न पेटवलेली सिगारेट ओठांत धरतो. तिथे तिला निदान अर्थ आहे, पण तिथेही रुबाबाला हाताशी धरायला सिगारेटच लागते. पडद्यावरचा धूर पाहून मुले धूम्रपानाकडे वळतात, हा कार्यकारण संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलनी 2012 च्या अहवालात स्पष्टपणे मान्य केला. आपल्याकडे 2019 च्या पाहणीत 13 ते 15 वर्षांचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरताना आढळले.

धुराइतकाच आक्षेपार्ह आहे तो जवळिकीचा नमुना. ‘कबीर सिंग’ (2019) मधला वैद्यकीय महाविद्यालयातला दादा वर्गात शिरून अमुक मुलगी माझी असे जाहीर करतो आणि धड ओळखही नसताना तिच्या गालाचे चुंबन घेतो. ती गप्प राहते. पुढची सगळी कथा त्या गप्प राहण्याला होकार समजून चालते. चित्रपटाला प्रौढांचे प्रमाणपत्र होते. म्हणून जयपूरच्या काही शाळकरी मुलांनी मोबाइलवर आधार कार्डाच्या छायाचित्रातली जन्मतारीख बदलून तो पाहिल्याच्या बातम्या आल्या. असा खटाटोप त्यांनी रसायनशास्त्रासाठी खचितच केला नसता.

आणि आमचे परीक्षण मंडळ? ते चुंबनाचे सेकंद मोजते. 2025 मध्ये ‘सुपरमॅन’मधल्या चुंबनाला त्याने कात्री लावली. दोघांच्या राजीखुशीचे चुंबन लांबले की संस्कृती धोक्यात, आणि न विचारता घेतलेले चुंबन नायकाचा स्वभाव!

जवळीक दाखवू नका, असे आम्ही म्हणत नाही. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने चाळीतल्या पोरांचे लैंगिक कुतूहल हसत-खेळत मांडले आणि अवघडून बसण्याची पाळी आई-बापांवर आणली. ‘शाळा’तल्या मुकुंदाला शिरोडकरशी दोन वाक्ये बोलायला जो घाम फुटतो, त्यात कितीतरी मिठ्यांपेक्षा जास्त जवळीक आहे. ‘सैराट’मुळे पोरे बिघडतील अशी ओरड झाली होती, पण त्यातली आर्ची परश्याला स्वतः निवडते, ती त्याच्या वाट्याला आलेले बक्षीस नाही. हे तिन्ही चित्रपट मराठी आहेत आणि तिकीट काढून पाहिले गेले, हे मुद्दाम नोंदवतो.

आता युए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा असे टप्पे झाले आहेत. सिगारेट नायकाचा रुबाब वाढवण्यासाठी असेल, नकार धुडकावणे प्रेम म्हणून खपवले जात असेल, तर त्या टप्प्यांचा वापर तिथे करावा; कात्री मंडळाने खिशात ठेवली तरी चालेल. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. तंबाखूचे उदात्तीकरण करणाऱ्या चित्रपटांना सरकारी पैसा मिळू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस आहे. अनुदानाच्या निकषांत ती उतरवायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्राने 2020 मध्येच बंदी घातली. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास त्याआधीपासून मनाई आहे. तरीही सकाळी नऊला कोणत्याही ज्युनियर कॉलेजच्या कोपऱ्यावर जाऊन पाहा. टपरीला दोरीने बांधलेला लायटर लोंबत असतो. पाठीवर दप्तर असलेला मुलगा एक सुटी घेतो, ओंजळ करून पेटवतो, ठसकतो, मित्र हसतात. मग तो उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या आरशात पाहतो आणि मान किंचित कलती करतो.