दिग्व्रताची वही आणि न्यू जर्सीचं तिकीट



गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मावशी, यंदा दशलक्षणाला आमच्या मंदिरात तू ये. दहा दिवस बायकांचा स्वाध्याय घे, मुलांची पाठशाळा घे. तिकिटाचं मंडळ बघेल." घरात एकच धांदल उडाली. सुनेने व्हिसाचा फॉर्म उघडला. माहेरी फलटणला बातमी पोचली आणि वहिनी म्हणाल्या, खाकऱ्याचं पीठ मी आत्ताच दळून पाठवते. मी मात्र कपाटातून जुनी वही काढली.

1993 चा श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक पाहून आल्यावर, पुढच्या चातुर्मासात मी सांगलीत माताजींसमोर दिग्व्रत घेतलं होतं. आजन्म. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला पोन्नूर. तेव्हा वाटलं होतं, याच्यापलीकडे आपल्यासारख्या बाईचं काय काम! वरच्या दिशेच्या रकान्यात तर 'शिखरजीचा डोंगर' एवढंच लिहिलं आहे. तो डोंगर साधारण 1365 मीटर आणि महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट 1439. म्हणजे माझ्या माहेरच्या जिल्ह्यातलं ते टोकही मला बंद. विमान तर तेव्हा डोक्यातच नव्हतं.

जाऊबाईंनी लगेच उपाय काढला. "शिखरजी दोनदा झालं ना तुमचं? मग पूर्वेचं कमी करा आणि पश्चिमेला जोडा." हसू नका, मलाही क्षणभर बरं वाटलं होतं. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला 'क्षेत्रवृद्धी' म्हणजे नेमकं हेच. मी बी.कॉम. झालेली बाई. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात फिरवली म्हणजे तोटा भरून निघत नाही, एवढं मला कळतं. पाचवा अतिचार आहे ठरवलेली सीमा विसरून जाण्याचा. वही काढली नसती तर तोही पदरात पडला असता.

एका जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, व्रत पाप आवरण्यासाठी आहे, धर्मकार्याला जायला त्याची आडकाठी नाही. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण मंडळाने पाठवलेला कार्यक्रम माझ्यासमोर होता: दहा दिवस स्वाध्याय आणि पुढे चार दिवस नायगारा. त्यातलं कुठलं धर्मकार्य आणि कुठलं माझं मन, हे मला प्रामाणिकपणे वेगळं करता येईना. मी नाही म्हणाले. भाची बराच वेळ बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

परदेशी धर्म सांगायला जाऊच नये, असं माझं मत नाही. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना आलं होतं. साधूच्या आचारात ते बसत नव्हतं, म्हणून ते गेले नाहीत. त्यांनी सीमा ओढूनताणून मोठी केली नाही. एका गृहस्थाला, वीरचंद गांधींना, जवळ बसवून तयार केलं आणि पाठवलं. वीरचंदजी तेव्हा 29 वर्षांचे होते. समुद्र ओलांडला म्हणून आपल्यातल्याच काहींनी त्यांच्यावर बहिष्काराची भाषा केली, आणि पुढे दुष्काळात याच माणसाने अमेरिकेतून जहाजभर धान्य मिळवून दिलं. तेरापंथाने 1980 मध्ये समणींची वेगळी श्रेणीच काढली, ज्यांना वाहनाने आणि परदेशात जाता येतं. ज्याला जाता येतं त्याने जावं, पण पूर्ण तयारीने.

तयारी म्हटली की आपल्या बायकांची पहिली धाव डब्यांकडे. वहिनींच्या पिठाचंच घ्या. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची. महिनाभर आधी दळलेल्या पिठाचे खाकरे नेऊन तिथे मर्यादेवर बोलायचं कोणत्या तोंडाने? पूजेच्या अक्षतांसाठी घरचे तांदूळ न्यायची हौस तर सोडूनच द्या. साठवणीच्या किडीच्या भीतीने अमेरिकेत भारतातून प्रवाशाला तांदूळ नेऊ देत नाहीत.

आता माझ्याऐवजी बस्तीतली एक मैत्रीण जाणार आहे. तिचं दिग्व्रत नाही, वाचन चांगलं आहे. तिला मी सगळ्यात आधी स्वतःचे नियम कागदावर लिहायला लावले. तिकडे काय पाळणार, काय सोडणार. विमानातलं जैन जेवण आधी नोंदवून ठेवलं. उकळलेलं पाणी 24 तास, लवंग घातलेलं सहा तास, हे तिच्या यजमानीणबाईंना आत्ताच कळवलं. तिथल्या सुना नोकरी करून घर सांभाळतात. पाहुणी येऊन ऐनवेळी नियम सांगायला लागली की दहा दिवस त्यांना स्वयंपाकघरातच राहावं लागतं, आणि स्वाध्यायाला उरतं कोण?

मग भाचीला सांगितलं, पाठशाळेतल्या मुलांचे प्रश्न पाठव. पहिलाच प्रश्न असा: गायीला त्रास होतो तर आपण दूध का पितो, आणि भगवंतांना दुधाचा अभिषेक का घालतो? आपल्या भागात पंचामृत अभिषेक पाहतच आपण मोठ्या झालो. असं कुणी विचारेल हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "परंपरा आहे म्हणून सांगू." मी म्हटलं, एवढ्याने त्या मुलांचं समाधान व्हायचं नाही. आपण ज्या डेअरीचं दूध घेतो, तिथे वासरांचं काय होतं हे आधी जाऊन विचारू. मंगळवारी दोघी गेलो. मालक आधी हसला, मग गप्प झाला. जे दिसलं ते तसंच मुलांना सांगायचं ठरलंय. त्यातून आमच्या घरचा दुधाचा रतीब अर्ध्यावर आला, हा वेगळाच विषय.

हिशोबही लिहून ठेवलाय. तिकीट मंडळाचं, नायगारा स्वतःच्या पैशाने, आणि नाही जमलं तर नाही.

आता रोज दुपारी तीन ते पाच ती माझ्याकडे येते. सातवा अध्याय झाला, आठवा चालू आहे. परवा भाचीचा पुन्हा फोन आला. मुलांचे आणखी अकरा प्रश्न आले आहेत.