दुधाचा दात, दुधाचा ग्लास

रविवार संध्याकाळ ही माझ्या मोबाइलची सर्वांत बिझी वेळ. कुणी सायकलवरून आपटलेलं असतं, कुणी झोपाळ्यावरून. पलीकडून घाबराघुबरा आवाज येतो, ‘डॉक्टर, दात पडलाय!’ मी आधी विचारते, ‘मूल केवढं आहे?’ आई-बाबांना वाटतं, ही बाई आत्ता कसला केसपेपर भरतेय! पण पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

मूल बेशुद्ध पडलं किंवा उलट्या करत असेल, तर दात राहू दे, थेट हॉस्पिटल गाठा. दात सापडत नाहीये आणि मूल खोकतंय, तरीही तेच. तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर पडलेला दात दुधाचा. तो परत बसवायचा नाही, कितीही हळहळ वाटली तरी! त्याच्या वरच हिरडीत कायमचा दात तयार होत असतो. दुधाचा दात आत दाबलात, तर त्या नव्या पाहुण्यालाच इजा व्हायची. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, ओठावर रुमालात गुंडाळलेला बर्फ धरा आणि डेंटिस्टला दाखवा. ‘दुधाचाच तर होता, पडणारच होता’ म्हणून सोडून देऊ नका.

सात-आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट बरोबर उलटी. पुढचे कायमचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. ते मोठे, किंचित पिवळसर असतात आणि नव्या दाताची कड करवतीसारखी असते. असा दात मुळासकट निखळला, तर तो वाचू शकतो. मात्र मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या पडल्या की मरतात. तासभर कोरडा राहिला, की आशा फारच कमी.

म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात नको, घासणं तर नकोच. माती लागली असेल, तर दुधात हलकेच विसळा, सरळ बाजू बघून जागेवर बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. हे जमत नसेल, तर थंड दुधाच्या ग्लासात टाका. पाण्यात नको, टिश्यू पेपरात नको. आणि लगेच निघा. दात साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवतात. पुढे बहुतेकदा रूट कॅनालही लागतं, पण दात आपलाच राहतो.

एक मात्र लक्षात घ्या. मुलाचा दात पडेल तेव्हा तुम्ही बहुधा मीटिंगमध्ये असाल. तो पहिला अर्धा तास आजीच्या, पाळणाघरातल्या मावशींच्या नाहीतर शाळेतल्या बाईंच्या हातात असतो. त्यांना हे आजच सांगून ठेवा. सुट्टीच्या दिवशी भेटणाऱ्या डेंटिस्टचा नंबरही फ्रिजवर लावा. दूध तिथंच असतं!