पाच लिटरचे माप आणि वीस टक्क्यांचा हिशेब

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की पहिले वाक्य कानी येते ते ‘झिरो बघा’ हे. मापाविषयी शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने खात्री करून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहण्याचाही आहे. लिटर पुरा मिळाला की नाही, हे त्यामुळे त्याला पडताळता येते. त्या लिटरातून गाडीला बळ किती मिळाले, हे पडताळण्याची सोय मात्र वाशी, तुर्भे, बेलापूर, पनवेल, कोठल्याच पंपावर नाही. आणि गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे तो नेमका त्या बळात.

२०१३-१४ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट प्रथम २०३० सालासाठी होते. ते पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ साली गाठलेही गेले. सरकारी योजना मुदतीआधी पुरी झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. एवढी घाई कोणाच्या सोयीसाठी झाली, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रण केले की लिटरमागे सहा ते सात टक्के ऊर्जा कमी होते. ही साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे, तीत मतभेदाला जागा नाही. इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य पेट्रोलपेक्षा बरेच अधिक असते, त्यामुळे इंजिनातील ‘ठोके’ कमी होतात, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. तेही खरे आहे. तथापि या गुणाचा पुरता लाभ घ्यायचा तर इंजिनाचा संपीडन-दाब त्या बेताने वाढवलेला असावा लागतो. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या जुन्या गाडीचा दाब पंपावरचे इंधन बदलल्याने वाढत नाही. ऊर्जेतील घट तेवढी तिच्या वाट्याला येते.

दुसरी बाब प्राणवायूची. इथेनॉलच्या वजनात सुमारे पस्तीस टक्के प्राणवायू असतो. नव्या गाड्यांत धुराड्यातील प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो व तो इंधनाचे प्रमाण आपोआप सुधारून घेतो. कार्बोरेटरच्या दुचाकीत ही व्यवस्था नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे मानक येईपर्यंत विकल्या गेलेल्या बहुसंख्य दुचाकी कार्बोरेटरच्याच होत्या. त्यांच्यात मिश्रण विरळ होते, इंजिन अधिक तापते, ओढ कमी झाल्यासारखी वाटते. याखेरीज इथेनॉल पाणी शोषून घेते. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात, सिडकोच्या जुन्या वसाहतींत, पावसाळ्याचे चार महिने दुचाकी उघड्यावर भिजत उभ्या असतात. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. गाडी झाकून ठेवायला तळघर असलेल्याला ही अडचण सहसा भेडसावत नाही.

हे सारे टीकाकारांनी रचलेले नाही. निती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यातच जुन्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के व दुचाकींच्या तीन ते चार टक्के घट धरलेली आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग या मिश्रणास टिकतील असे बनवले जातात, त्यांचा प्रश्न सौम्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तक्रारी वाढल्या तेव्हा मंत्रालयाने खुलासा केला. मायलेज फारच घटते हे म्हणणे त्याने नाकारले. मात्र काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मान्य केले. हा खर्च किरकोळ आहे, असेही त्यात म्हटले आहे. किरकोळ कोणासाठी?

घणसोली-कोपरखैरण्याच्या गल्ल्यांतून जुन्या दुचाकीवर सामान पोहोचवणाऱ्या तरुणाचा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला शंभर किलोमीटर, लिटरला पन्नास किलोमीटर, लिटरचा भाव नुसता शंभर रुपये आणि घट चार टक्के धरली, तर दिवसाला आठ रुपये, महिन्याच्या सव्वीस दिवसांना दोनशेच्या वर. त्याचे पेट्रोल कंपनी भरत नाही, त्याला ‘कामगार’ म्हणायलाही ती तयार नसते. वातानुकूलित मोटारीच्या मालकाचे नुकसान रुपयांत मोठे असेल. पण त्याचा त्या दिवशीचा चहा त्यामुळे सुटत नाही.

निती आयोगाच्या त्याच आराखड्यात आणखी एक गोष्ट होती. ऊर्जा कमी मिळते, तेव्हा अशा इंधनाचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, अशी शिफारस त्यात होती. मिश्रणाचे वेळापत्रक सरकारने उचलले, भावाची शिफारस मागे ठेवली. सरकारचे उत्तर असे की तेव्हा इथेनॉल स्वस्त होते, आता ते शुद्ध केलेल्या पेट्रोलहून महाग पडते; मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदर २०२१-२२ मधील ५२ रुपये ९२ पैशांवरून २०२४-२५ मध्ये ७१ रुपये ८६ पैशांवर गेला. ठीक आहे. पण या कार्यक्रमाने जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, हेही सरकारच सांगते. राष्ट्राची बचत एवढी मोठी असेल, तर तिच्यातून ग्राहकाच्या चार टक्क्यांची भरपाई होऊ नये, याला काय म्हणावे?

ब्राझीलचा दाखला वारंवार दिला जातो. त्या देशाने १९७५ साली अल्कोहोल इंधनाचा कार्यक्रम सुरू केला. तेथेही पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. परंतु २००३ नंतर तेथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरावे, हा ठोकताळा तेथील सामान्य वाहनचालकाला तोंडपाठ असतो. आपल्याकडे बिनमिश्रित पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. आता तो पर्याय लोकमताच्या दडपणानेच मिळू शकेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऊस उत्पादकाचे पैसे चौदा दिवसांत देण्याची तरतूद कायद्यात असूनही थकबाकी वर्षानुवर्षे राहत होती. इथेनॉलच्या रोख पैशाने कारखान्यांचे हात काही प्रमाणात मोकळे झाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकाराची परंपरा मोडीत निघावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु नांगर, कोयता आणि चिमणी या तिघांपैकी इथेनॉलचा पैसा चिमणीच्याच जवळ का थांबतो, हे शेतकऱ्यांच्या सभांतून विचारायला हवे. बीडहून येणाऱ्या ऊसतोड जोडप्याच्या कराराशी आसवनीच्या नफ्याचा संबंध आजवर कोणी जोडलेला नाही. आणि २०२४-२५ मध्ये अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी राखून ठेवण्यात आला, ही बातमी रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या देशाला पचावी हे नवलच.

मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ साली ज्या ठिकाणी झाले, त्यांत मनमाड व मिरज होते. त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरकडे पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे निती आयोगाचा आराखडा सांगतो. म्हणजे त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्यावर पावणेदोनशे लिटर इथेनॉल निघाले असते. एखाद्या मोठ्या पंपावर ते मिश्रणातून दिवसभरातही संपून जाईल.

तूर्त मागणी तीनच गोष्टींची करता येईल. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे. भाव लिटरमागील ऊर्जेच्या बेताने कमी करावा. जुन्या दुचाकींसाठी कमी मिश्रणाची एक तरी नळी ठेवावी. बेलापूरच्या कोकण भवनातील विभागीय आयुक्तांकडे द्यावयाच्या निवेदनावर सह्या घेताना पंपावर रांगेत उभ्या असणाऱ्यांकडून सुरुवात केली, तर फार समजावून सांगावे लागणार नाही.